सागरगडची वाट, आणि डोंगरात चालायची रीत

गडवाटसरू

नमस्कार मंडळी,

पावसाळा तोंडावर आला आहे. अजून दोन-तीन आठवडे, की अलिबाग-पेण रस्त्यावर खंडाळ्याच्या फाट्याला शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागेल, धोंडाण्याच्या धबधब्याचे व्हिडिओ फिरायला लागतील आणि सागरगडची वाट माणसांनी भरून जाईल. त्याआधी हा विषय इथे बोलून घ्यावा असं वाटलं. डोंगरात कसं चालायचं, वाट कुणी कुणाला द्यायची, कुठे गप्प राहायचं, हे शाळेत कुणी शिकवत नाही. चांगला ग्रुप लाभला तर जुन्या लोकांचं बघून अंगवळणी पडतं. ज्यांना तसं कुणी भेटलं नाही, त्यांना नावं ठेवण्यापेक्षा सांगितलेलं बरं.

आधी वाटेबद्दल. सागरगड म्हणजे माझा जीव की प्राण. उंची जेमतेम चारशे मीटर. घाटमाथ्यावरच्या किल्ल्यांपुढे हा डोंगर कुणी खिजगणतीतही धरणार नाही. पण खंडाळ्यातून निघून शेतं मागे टाकली की धबधबा दिसू लागतो, मग सिद्धेश्वराचं देऊळ आणि तिथला गारवा, पुढे छातीवर येणारा चढ, आणि तो संपला की एकदम मोकळी माची. माचीवर वस्ती आहे, भाताची खाचरं आहेत, गुरं चरत असतात. तिथून गडाच्या टोकाला गेलं की एका नजरेत कुलाबा किल्ला, खांदेरी-उंदेरी, अलिबागचा किनारा आणि दुसऱ्या अंगाला धरमतरची खाडी. समोर वानरटोकाचा सुळका. ओहोटीची वेळ साधली तर किनाऱ्यापासून कुलाब्यापर्यंत उघडी पडलेली ओली वाळू चमकताना दिसते. खांदेरी २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेला, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो सागरगडावरून दिसणारा खांदेरी. माझी मुलगी आयुष्यातला पहिला डोंगर स्वतःच्या पायांनी चढली तो हाच.

आता मुद्दा. या वाटेवर माझा कितीही जीव असला तरी ती माझ्यासाठी कुणी पाडलेली नाही. माचीवरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाजाराला, दवाखान्याला, लग्नकार्याला याच वाटेने वर-खाली करत आली. आपण तिथे आलेले पाहुणे. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीची रीत आपोआप सुचते.

उदाहरण देतो. ट्रेकिंगमध्ये नवीन माणसाला सांगतात, चढणाऱ्याला वाट द्या, उतरणाऱ्याने थांबा. बरोबरच आहे. चढणाऱ्याचा दम एका लयीत चाललेला असतो, नजर पायांपुढच्या दोन-तीन हातांवर असते, मध्येच थांबलं की लय तुटते. पण कोकणात त्याच्याही वरचा नियम आहे: डोक्यावर भारा असेल त्याला आधी वाट. मग तो चढत असो की उतरत असो. मोळी घेऊन येणाऱ्या बाईकडे नीट बघा. मान ताठ, एक हात मोळीला, दुसऱ्या हातात कोयती. तिला खाली बघता येत नाही, पायच वाट चाचपत असतात. तिला थांबवलं तर ओझं मानेवर तसंच राहतं. मोळी खाली ठेवली तर पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. आणि आपले लोक अशा अरुंद जागी दहा-बारा जणांचा फोटो काढत उभे असतात. ती बिचारी काही बोलत नाही, कडेच्या गवतात उतरून जाते.

वाट देतानाही कुठे उभं राहायचं ते कळायला हवं. डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या अंगाला नाही. पाठीवरची सॅक समोरच्याला लागू नये म्हणून पाठ डोंगराकडे करायची. दरीच्या कडेला पावसाळ्यात माती भुसभुशीत झालेली असते, वर गवत दिसतं आणि खाली काहीच नसतं. मागून कुणी घाईत येत असेल तर त्यालाही पुढे जाऊ द्यावं, रांगेत शिरून ढकलाढकली नको.

दुसरी गोष्ट, आणि ही मला फार लागते: आडवाटा. वळणावळणाची वाट असते, कुणीतरी सरळ खाली उतरतो, त्याच्या मागून चार जण, मग तीच वाट होऊन बसते. जुन्या लोकांनी वळणं हौसेने घातलेली नाहीत. आपल्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो तो चार महिन्यांत. सरळ उताराने पाणी धावत सुटतं आणि माती घेऊन जातं. सिद्धेश्वराच्या वरच्या अंगाला अशी एक आडवाट आहे. पूर्वी तिथे पाऊलभर रुंदीची रेघ होती, आज गुडघाभर खोल घळ आहे, झाडांची मुळं उघडी पडून हवेत लोंबतायत. मूळ वाटसुद्धा आता त्या घळीत ढासळायला लागली आहे. दोन मिनिटं वाचवायला हे कशाला?

बाकीचं थोडक्यात. पिण्याच्या टाक्यात पाय घालू नये, अंघोळ तर नाहीच. देवळात मुक्काम असेल तर चूल बाहेर. राखीव जंगलात आग पेटवणं हा १९२७ च्या वन अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे, आणि कायदा राहू द्या बाजूला, माघ-फाल्गुनात वाळलेल्या गवतात एक ठिणगी पडली तर अख्खा डोंगर काळा होतो, गुरांची वैरण जाते. खडकांवर बाण, नावं, बदाम रंगवू नयेत. बाटली फोडू नये, त्या वाटेने अनवाणी चालणारी माणसं आहेत. आपला कचरा आपल्या सॅकमध्ये.

तुमच्या आवडत्या वाटेबद्दल लिहा. आणि तिथे तुम्ही काय पाळता, तेही.

काजूबोंडू

+१. भाऱ्याचं अगदी पटलं.

माझी भर स्पीकरबद्दल. लोक म्हणतात आमच्या गाण्याचा तुम्हाला काय त्रास. त्रास आहेच, पक्षी उडतात, रानाची शांतता जाते. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ओढ्यातलं पाणी वाढताना आधी ऐकू येतं. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. आवाजाचा पोत बदलतो, तळातले दगड गडगडायला लागतात, पाणी एकाएकी गढूळ होतं, काटक्या-पानं वाहत येतात. यातलं एक जरी जाणवलं तरी सामान तिथेच टाकून वरच्या अंगाला निघायचं असतं. कानात गाणं वाजत असेल तर यातलं काहीच कळत नाही.

दर्यावर्दी

लेख चांगला आहे, पण मला एका गोष्टीचं वाईट वाटलं. तुम्ही वाटेचं नाव, फाटा, सगळं लिहून मोकळे झालात.

माझी आवडती वाट गुहागर तालुक्यात आहे. सड्यावरून, म्हणजे वरच्या सपाट कातळावरून, खाली समुद्राकडे उतरणारी जांभ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती, त्यांवर शेवाळ आणि नेचे. मधोमध एक पऱ्या, म्हणजे लहान ओढा, ओलांडावा लागतो, त्यावर एकसंध दगड टाकून केलेला साकव आहे. पाखाडीच्या पायऱ्या मध्यभागी झिजून खोलगट झाल्यात, पावसात तिथे पाणी साठतं आणि त्यात बेडकांची पिल्लं वळवळतात. शेवटच्या वळणावर रान उघडतं आणि समोर लाटा. आजोळची वाट आहे ती. गावाचं नाव मी लिहिणार नाही.

कारण देवकुंडचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. भिऱ्याच्या आतल्या अंगाचा तो डोह पूर्वी मोजक्या लोकांना माहीत होता. एकदा फोटो फिरले आणि झुंबड उडाली. माणसं बुडाली. आता पावसाळ्यात प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. आपण ज्या जागेवर प्रेम करतो तिचा पत्ता वाटत सुटणं मला पटत नाही. पिन टाकू नका, एवढीच विनंती.

सह्यमुलगी

दर्यावर्दी, तुमची तळमळ समजते. पाखाडीचं वर्णन वाचून डोळ्यांसमोर उभी राहिली. पण मी सहमत नाही.

मी डोंगरात जायला लागले तेव्हा घरात, शेजारात कुणी ट्रेक करणारं नव्हतं. अनोळखी माणसांनी मन लावून लिहिलेली माहिती वाचूनच शिकले. कुठे पाणी मिळेल, कुठली एसटी, कुठल्या पट्ट्यात वाट चुकते, मुलींनी कुठे मुक्काम करावा. ते त्यांनी लिहिलं नसतं तर मी घरीच बसले असते. माहिती दडवली तर ज्यांच्या ओळखी आहेत त्यांनाच डोंगर मिळतो, आणि बाकीचे अर्धवट माहितीवर जातात. अर्धवट माहितीच माणसं मारते. २०२४ च्या जुलैत माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याजवळ रील करताना एक तरुणी दरीत कोसळली. स्थानिक बचाव पथकाची मुलं भर पावसात दोर लावून खाली उतरली आणि कित्येक तासांनी तिला वर आणलं, पण तिचा जीव वाचला नाही. त्या जागेचे व्हिडिओ हजारो असतील. पावसात तो कडा निसरडा होतो, काठापासून अंतर ठेवा, हे त्यांतल्या कितींमध्ये सांगितलेलं असतं?

म्हणून माझा आग्रह असा, की लिहायचं तर पूर्ण लिहा. कुठल्या महिन्यात जाऊ नये, कुठे वाट धोक्याची आहे, गावातून वाटाड्या घ्यावा का, किती माणसांच्या वर नेऊ नये. नुसता फोटो आणि पिन टाकणं चूक, यावर मात्र मी तुमच्या बाजूने.

राजापूरची_गंगा

दोघांचंही वाचलं. आमच्याकडे हाच वाद कातळशिल्पांवरून चालू असतो, म्हणून लिहिते.

डोंगर म्हटला की लोकांना कडे आणि सुळके आठवतात. आमच्या रत्नागिरी-राजापूरकडे डोंगरावर चढून गेलं की वर सपाट जांभ्याचा सडा लागतो, आणि माझं मन त्या सड्यावर रमतं. उन्हाळ्यात बघाल तर काळाकुट्ट, रखरखीत, काहीच नाही. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी या. खडकाच्या फटीत बोटभर मातीत दीपकाडीची पांढरी फुलं उभी असतात. ही वनस्पती फक्त कोकणातली. नंतर श्रावण-भाद्रपदात गेंद, सीतेची आसवं, निळा-जांभळा गालिचा. हे सगळं बोटभर मातीवर उभं असतं. एक चारचाकी सड्यावर फिरली की चाकोरीत पुढच्या वर्षी काही उगवत नाही. सड्यावर गाडी घालू नका, हे हात जोडून सांगते. रस्त्याला लावा आणि चाला. चालताना उघड्या कातळावर पाय ठेवा, मातीच्या ठिगळांवर नको.

कातळशिल्पं याच सड्यांवर आहेत. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी. कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा आहे की जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. २०२२ साली कोकणची कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि तेव्हापासून बघायला येणाऱ्यांची संख्या वाढली. चांगली गोष्ट आहे, बघायलाच हवीत. पण लोक रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवतात, रांगोळी भरतात, काठीने खरवडतात. हजारो वर्षं ऊन-पावसात टिकलेली रेघ जांभ्यात आहे, आणि जांभा काही बेसॉल्टसारखा कठीण नाही. खरवडलं की गेलं.

फोटो हवा असेल तर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर या. तिरपं ऊन पडलं की रेघेच्या एका काठाची सावली दुसऱ्या काठावर पडते आणि आकृती आपोआप उठून दिसते. भर दुपारी काही दिसत नाही, म्हणून मग खडू निघतात. आणि चित्राच्या आत चपला घालून उभं राहू नका. गावातली माणसं कित्येक ठिकाणी या जागांना देवाचं मानतात.

वाडीतला

मी खेड तालुक्यातला, रसाळगडाच्या पायथ्याकडचा. हा धागा वाचून बरं वाटलं, कारण आमची बाजू कुणी विचारत नाही. चार गोष्टी सांगतो, रागाने नाही.

पहिली, बांध. जून-जुलैत आम्ही खाचरांचे बांध नव्याने लिंपतो. चिखल काढून हाताने थापायचा, पायाने दाबायचा, मग खाचरात पाणी कोंडायचं आणि त्यात लावणी. तो बांध ओला असतो. तुम्ही पंचवीस जण बूट घालून त्यावरून गेलात की काठ खचतो, पाणी खालच्या खाचरात निघून जातं आणि वरची आवणं, म्हणजे भाताची रोपं, उघडी पडतात. तुम्हाला दिसतं की हिरव्या शेतातून छान वाट आहे. ती वाट नाही. विचारा, आम्ही दाखवतो कुठून जायचं ते. घरातलं पोरगंसुद्धा दाखवील.

दुसरी, बेडं. काजूच्या, आंब्याच्या कलमांच्या वाटेवर बांबूचं बेडं, म्हणजे फाटक, घातलेलं असतं. उघडलं तर मागच्या माणसाने लावायचं. उघडं राहिलं की गुरं आत, आणि एका रात्रीत कोवळी कलमं गेली. तीन-चार वर्षं वाढवलेलं कलम असतं ते.

तिसरी, कुत्री. गावचा कुत्रा बिस्किटाच्या आशेने तुमच्या मागे गडावर येतो. तिथून तुम्ही सुमारगड, महिपतगड करत दुसऱ्याच गावात उतरता आणि तो तिथेच राहतो. परक्या गावातली कुत्री त्याला फाडतात. खायला घालू नका, वाडीच्या हद्दीत असतानाच हाकलून परत पाठवा. वाईट वाटलं तरी चालेल.

चौथी, जेवण. आदल्या दिवशी फोन करून वीस माणसांचं सांगायचं आणि ऐन वेळी दहाच यायची, असं फार होतं. आमच्या बायका पहाटे उठून भाकऱ्या थापतात. कमी झालात तर तसं संध्याकाळपर्यंत कळवा. भावात घासाघीस करू नका.

गडावर झोलाई देवीच्या देवळात मुक्कामाला आमची ना नाही. पूर्वीपासून लोक राहतात. सभामंडप झाडून घ्या आणि झाडून द्या. तोफांवर चढून बसू नका, एवढंच.

गडवाटसरू

वाडीतला, तुमचा प्रतिसाद हा या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. बांधाची गोष्ट प्रत्येक ग्रुप लीडरने निघण्याआधी वाचून दाखवावी अशी आहे.

नवा_भिडू

एक शंका. सोसायटीतली पंचवीसेक माणसं, त्यांत आठ-दहा वर्षांची मुलं, अशी पहिल्यांदाच कर्नाळ्याला नेतोय, पुढच्या महिन्यात. काय काळजी घ्यावी?

रानहळद

@नवा_भिडू, पंचवीस खूप झाले. दोन तुकड्या करा, प्रत्येकीच्या पुढे एक आणि मागे एक जाणतं माणूस. मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे, १९६८ पासून. मुलांना आधीच सांगा की आज कुजबुजत चालायचं आहे. त्यांना ते आवडतं, आणि मग पक्षीही दिसतात.

महत्त्वाचं म्हणजे तिथल्या अंगठ्यासारख्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नये. सुळक्याच्या पायथ्याशी धूर नाही, सिगारेट नाही, आरडाओरड नाही, ड्रोन तर अजिबात नाही. दगड मारायची खोड असणारा एखादा मुलगा असेल तर त्याचा हात धरून चाला. माश्या उठल्याच तर हात झाडू नका, चिरडलेल्या माशीच्या वासाने आणखी येतात. डोकं आणि तोंड ओढणीने, शर्टाने झाकायचं आणि वाट धरून लांब निघून जायचं, कड्याकडे पळायचं नाही. काटा नखाने खरवडून लगेच काढायचा. श्वास लागला, ओठ सुजले, तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना. हे मुलांना घरीच एकदा करून दाखवा, तिथे गेल्यावर सुचत नाही.

ड्रोनवरून आठवलं. म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडांची वसाहत आहे. हिवाळ्यात घरटी चालू असतात. तिकडच्या रानात कुणी जात असेल तर घरट्याच्या झाडाखाली जाऊ नये, दुर्बिणीतून लांबूनच बघावं.

आंबोली_घाट

इथे सिंधुदुर्गातून कुणीच लिहिलं नाही म्हणून.

आंबोलीत पावसाळी रात्री बेडूक, साप बघायला खूप लोक येतात. मी स्वतः त्याच नादाने डोंगरात ओढला गेलो. बॅटरी प्राण्याच्या डोळ्यांवर धरू नका. हात लावून, उचलून फोटो काढू नका. बेडकाची कातडी ओली आणि नाजूक असते, आपल्या हाताचं मीठ, मच्छर पळवायचं क्रीम तिला बाधतं. रस्त्यावर गाडी हळू चालवा, पहिल्या पावसात शेकडो बेडूक डांबरावर असतात. हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात २०२० मध्ये माशाची नवी जात सापडली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. त्या कुंडात साबण लावून पाय धुणारे लोक मी पाहिलेत. नका हो करू असं.

आणखी एक, हे जिवाचं आहे. दोडामार्ग, बांदा भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडीमुळे होतो. साधारण जानेवारी ते मे त्याचा काळ. त्या दिवसांत रानात जायचं तर पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली पँट, आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि अंग नीट तपासणं. पालापाचोळ्यावर आडवं होऊ नका. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका आणि जवळच्या आरोग्य केंद्रात नक्की कळवा. त्यावरून पुढच्या गावाला सावध करता येतं. काजूच्या बागेत राबणाऱ्या माणसांना याचा सगळ्यात जास्त धोका असतो, तुमच्या एका फोनने त्यांचं भलं होईल.

शुक्रचांदणी

मी खूप दिवस इथे फक्त वाचते. आज लिहिते.

माझी वाट इर्शाळगडाची होती. चौकहून चढून गेलं की मध्ये इर्शाळवाडी लागायची. तिथे थांबून पाणी प्यायचं, चहा घ्यायचा, परत येताना पिठलं-भाकरी सांगून पुढे जायचं, अशी सवय होती. एका घराच्या ओटीवर माझी सॅक ठेवून मी निर्धास्त वर जायचे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली आणि वाडीचा मोठा भाग तिच्याखाली गेला. गाडीरस्ता नव्हता, मदत करणाऱ्यांनाही अंधारात, पावसात तीच चढण चढून जावं लागलं. त्यांत ट्रेकर मुलं बरीच होती, कारण त्यांना ती वाट पाठ होती.

त्यानंतर मी गेलेले नाही. पण फोटो बघते लोकांचे, त्या जागेवर उभं राहून काढलेले. तिथे पाय ठेवू नका असं सांगायचा मला अधिकार नाही. एवढंच म्हणते, की तिथे हसत फोटो काढू नयेत. आणि ज्या वाडीत तुम्ही चहा पिता, तिथल्या माणसांची नावं विचारून ठेवा. मला त्या ओटीवरच्या आजींचं नाव माहीत नव्हतं.

दर्यावर्दी

शुक्रचांदणी, काय लिहू. नमस्कार.

काजूबोंडू

खरंच निःशब्द झालो.

गडवाटसरू

शुक्रचांदणी, लिहिलंत ते बरं केलंत.

दर्यावर्दी आणि सह्यमुलगी यांच्या वादावर दोन दिवस विचार करत होतो. सागरगड अलिबागच्या डोक्यावर आहे, रस्त्यावरून धबधबा दिसतो, तो लपवून लपणार नाही. तिथे सह्यमुलगीचं म्हणणं लागू पडतं, पूर्ण माहिती द्यावी. पण दर्यावर्दींची पाखाडी ही लोकांच्या घरांमधून, बागांमधून जाणारी खासगी रहदारीची वाट आहे. तिचा पत्ता जाहीर करायचा का, हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवायचं, आणि दर्यावर्दी आजोळचे म्हणून त्यांच्या वतीने गप्प राहतात ते योग्यच. माझ्यापुरतं मी असं ठरवलं आहे, की ज्या वाटेवर गाव आहे तिथे गावातल्या दोन-चार जणांना विचारल्याशिवाय लिहायचं नाही. सागरगडबद्दल माचीवर विचारलं होतं. ते म्हणाले, लोक येऊ देत, पण चहा-जेवण आमच्याकडे घेऊ देत आणि बाटल्या परत नेऊ देत.

त्यावरून, पाऊस लागायच्या आधीच्या रविवारी आम्ही काही जण खंडाळे ते माची वाट साफ करायला जातोय. वर सांगितलेल्या आडवाटेच्या तोंडाशी दगड आणि काटेरी फांद्या टाकून ती बंद करायची आहे, वरच्या अंगाला पाणी वळवायला दोन आडवे चर काढायचे आहेत. माचीवरचे दोघे जण सोबत येणार आहेत. चर कुठे काढायचे हे तेच सांगतील, वाट त्यांच्या पायाखालची आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. पंधराच्या वर माणसं घेणार नाही.

वाडीतला

चांगला बेत आहे. चर वाटेला काटकोनात न काढता थोडे तिरपे काढा आणि उताराच्या बाजूला मोकळे सोडा, नाहीतर पहिल्याच पावसात मातीने भरतील. तोंडाशी सपाट दगड बसवला तर काठ फुटत नाही.

सह्यमुलगी

मी येणार. एक विचारायचं होतं, गोळा केलेला कचरा कुठे टाकायचा? मागे एका गडावर आम्ही नऊ-दहा पोती भरली आणि पायथ्याच्या गावात ठेवून आलो. पुढच्या महिन्यात गेलो तर ती तिथेच, गुरांनी फोडलेली.

गडवाटसरू

खंडाळ्यात एकही पोतं ठेवायचं नाही. जो जितकं उतरवेल तितकं त्याच्या गाडीतून जाईल. काच वेगळ्या गोणीत, तिला दुहेरी पोतं लावायचं, नाहीतर उतरताना पाठीला लागतं. प्लास्टिकच्या बाटल्या चेपून आणा, अलिबागला भंगारवाला घेतो, त्याच्याशी बोलून ठेवलंय. हातमोजे आणि कोयती ज्याची त्याने आणावी. सकाळी साडेसहाला फाट्यावर.